तीन बोटं

“डॉक्टर, तुमचे स्वतःचे दात खरे आहेत का हो?”

हा प्रश्न माझा नव्हता. सानिया आणि प्रेरणानं पैज लावली होती. शाळेत दंततपासणीला आलेल्या डॉक्टर मगदुमांचे दात इतके सरळ, पांढरे आणि एकसारखे होते, की आमच्या दहावी ‘ब’च्या रांगेत सकाळपासून दुसरा विषयच नव्हता. सानियाचं म्हणणं, कवळी आहे. प्रेरणाचं म्हणणं, एवढ्या तरुण माणसाला कुठली आलीय कवळी.

“नंदे, टाप आहे का तुझी विचारायची?”

आता काय सांगू! टाप मला त्याच वर्षी नवीनच आली होती. नववीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही माझा आवाज घशातच बसायचा. मग दहावीच्या सुरुवातीला बाईंनी प्रार्थनेला माझ्या हातात माइक दिला, आणि माझाच आवाज मैदानाच्या टोकाला जाऊन परत येताना मला ऐकू आला. तिथून पुढे मी काही थांबले नाही. बातम्या मी, सुविचार मी, दर सोमवारी तंबाखूमुक्तीची शपथ मीच. शाळेची तंबाखू मॉनिटर होते मी. राजनंदिनी झांबरे, खाली ‘तंबाखू मॉनिटर’, असा गोल बिल्ला छातीवर असायचा.

डॉक्टर मगदूम मोठ्यानं हसले. “दोन खोटे आहेत. कॉलेजात असताना मोटारसायकलवरून पडलो. कुठले दोन ते ओळख, बक्षीस देतो.”

मी चुकीचे ओळखले. रांग खिदळली.

“आता माझी पाळी. तीन बोटं.”

हे ते सगळ्यांना करायला लावत होते. मधली तीन बोटं जोडायची आणि उभी तोंडात घालायची. जबडा नीट उघडतो की नाही ते त्यावरून कळतं म्हणे. सकाळपासून सगळी शाळा तोंडात बोटं घालून फिरत होती. माझी तीन बोटं आरामात गेली.

“शाब्बास. खालचा ओठ पुढे ओढ.”

मी ओढला, आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी बॅटरी जवळ आणली, छोटा आरसा घातला, कापसानं काहीतरी पुसून बघितलं.

“इथं काही लागलं होतं?”

“नाही.”

“तंबाखू-बिंबाखू?”

मी बोलायच्या आधी सानियाच मागून ओरडली, “सर, ती मॉनिटर आहे!” सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण मला नीट आठवतंय, दात न दाखवता हसले. मग एका कागदावर मिरजेच्या मोठ्या दवाखान्याचं नाव लिहून म्हणाले, “वडिलांना घेऊन सोमवारी जा. घाबरायचं काही नाही.”

तोवर मी घाबरलेच नव्हते. त्यांनी तसं म्हटल्यावर मला कळेना की घाबरायचं आहे की नाही.

*

पप्पांची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या आणि आवाज कायम वरच्या पट्टीत. दवाखान्यातल्या शांत खोलीतही ते मागे मोटर चालू असल्यासारखे बोलत होते.

डॉक्टर मॅडमनी माझा ओठ बराच वेळ उलटा धरला. मग कागद पुढे ओढला. “तंबाखू, गुटखा, मावा, काही खाते का?”

“कुणाला विचारताय मॅडम!” पप्पांनी खिशातून मोबाइल काढला. स्वातंत्र्यदिनाला मला मिळालेल्या प्रशस्तिपत्राचा फोटो होता, माझ्या बिल्ल्यासकट. “शाळेची तंबाखू मॉनिटर आहे पोरगी माझी! आमच्या घरात कुणालाच खोड नाही. मी चहासुद्धा दोनदाच घेतो.”

मॅडमनी फोटो कौतुकानं बघितला आणि कागदावर रेघ मारली. मग पेन हनुवटीला लावून बसल्या. “मग हे कशानं? दात टोचत नाही, जखम नाही. कारण सापडलं असतं तर आधी ते बंद करून दोन आठवडे वाट बघितली असती. कारणच नाही म्हटल्यावर तुकडा तपासलेला बरा.”

“तुकडा म्हणजे?” मी विचारलं.

“बायोप्सी. त्या पांढऱ्या चट्ट्याचा अगदी तांदळाएवढा भाग काढायचा. भूल देऊन.”

“आणि त्यात काय बघायचं?”

मॅडमनी पप्पांकडे बघितलं. पप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “सांगा तिला. ती माइकवर बोलते.”

“बहुतेक वेळा काही निघत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण असे चट्टे कधी कधी कॅन्सरकडे जातात. म्हणून खात्री करायची.”

तारीख मिळाली पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. दहा दिवस. तोवर तिखट नको, गरम नको आणि तोंड अगदी स्वच्छ ठेवायचं.

एसटीत पप्पांपेक्षा गाडीचा आवाज मोठा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होते. उतरताना म्हणाले, “चिकू खातीस?” मी म्हटलं, हो. आणि खरंच मला भूक लागली होती. ज्या मुलीला कॅन्सर असू शकतो तिला चिकू खावासा वाटतो, हे बरोबर आहे का चूक, ते मला कळेना.

*

आई बेदाण्याच्या शेडवर जाते. दिवसभर ओळीनं बसून बेदाणे निवडायचे, काड्या, खडे, काळे मणी बाजूला करायचे. ती आली तेव्हा तिचे हात चिकट होते आणि ते न धुताच ती उंबऱ्यावर बसून राहिली. तो शब्द तिनं शेवटपर्यंत उच्चारला नाही. ‘ते’ म्हणायची.

“ते नसणारच. आपल्या घरात कुणी कशाला हात लावत न्हाई, मग ते यील कुठनं?” मग उठली. “तोंड स्वच्छ ठेवा म्हनल्या न्हवं त्या? मग ठेवू की. दिसातनं चार वेळा घासायचं आजपासनं.”

आणि तिनं कोनाड्यातली मिश्रीची डबी काढली.

यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे सकाळची सुरुवातच तशी व्हायची. मागच्या दारापाशी एक चौकोनी दगड आहे. त्याच्या एका कडेला आई, एका कडेला मी. मधे डबी. बोटावर मिश्री घ्यायची आणि सावकाश दातांवर, हिरड्यांवर फिरवत बसायचं. मी चौथीत असताना माझी दाढ ठणकत होती, तेव्हा आईनं चिमूटभर लावली. पहिल्यांदा गरगरलं, उलटी झाली, आणि मग ठणका गेला तो गेलाच. तेव्हापासून रोज. नंतर शाळेत जायच्या आधी मी वरून पेस्ट लावायची, म्हणजे दातांच्या फटी काळ्या दिसायला नकोत. शेडवर गेली की आई दिवसभर शेडची असायची, घरी आली की चुलीची. त्या दगडावर तेवढी ती माझी असायची. मैत्रिणींची भांडणं, पहिल्यांदा पाळी आल्याचं, माइक मिळाल्याचं, सगळं मी तिला तिथंच तोंडात बोट ठेवून सांगितलं होतं.

शाळेत न्यायला आईनं मला हळदीकुंकवात मिळालेल्या छोट्या स्टीलच्या डबीत मिश्री भरून दिली. “मधल्या सुट्टीत एकदा घास. इसरू नगंस.”

*

ते दिवस म्हणजे डोक्यात नुसता काला झाला होता.

जीभ ऐकायची नाही. इतिहासाच्या तासाला, जेवताना, झोपताना, ओठाच्या आत त्याच जागी जाऊन चाचपायची. आज मोठा झाला का? काल खरखरीत होता, आज गुळगुळीत का लागतोय? गुळगुळीत चांगला का वाईट? पप्पांच्या मोबाइलवर मी शोधलं आणि फोटो बघून मोबाइल पालथा घातला. मग पुन्हा सुलटा केला. सगळीकडे एकच लिहिलेलं, तंबाखू, तंबाखू, तंबाखू. मी तर शाळेभोवती तंबाखूबंदीसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत मावा आणला म्हणून बारा जणांची नावं लिहिली होती. मग त्यांना सोडून मला का? त्यांचे शाप लागले? ओठ कापल्यावर ‘प’ म्हणता येतो का? मी आरशासमोर ओठ न हलवता ‘प्रतिज्ञा’ म्हणून बघितलं. जमलं नाही आणि मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं.

मैत्रिणींनाही समजेना काय करावं. प्रेरणानं तिचा लकी पेन मला देऊन टाकला. सानिया म्हणाली, “काही नाही निघणार. निघालं तर मी तुझ्याशी भांडणार.” मग जरा वेळानं म्हणाली, “म्हणजे नाही भांडणार. म्हणजे... जाऊ दे गं.”

बरं वाटायचं ते फक्त घासताना. बोट हिरडीवर फिरायला लागलं की दहा मिनिटं डोकं शांत. छाती मोकळी. मला वाटायचं, तोंड स्वच्छ होतंय म्हणून बरं वाटतंय. चारचं पाच झालं, पाचचं सहा.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागे डबी उघडून बसले होते, आणि सानिया शोधत आली.

“काय खातीस एकटीच?”

“खात नाही. घासतेय. मिश्री. तोंड स्वच्छ ठेवायला सांगितलंय ना.”

“माझी पण दाढ दुखतीय दोन दिवस. दे की जरा.”

मी दिली. त्यात न देण्यासारखं काय होतं? तिनं भरपूर घेऊन दाढेवर चोळली, ‘कडू हाय गं’ म्हणाली, आणि दोन मिनिटांत तिचा चेहरा खडूसारखा झाला. कपाळावर घाम. भिंत धरून ती खाली बसली आणि ओकली.

“नंदे, सगळं फिरतंय.”

मी तिला पाणी पाजलं, वहीनं वारा घातला. “होतं पहिल्यांदा. मलाही झालं होतं.”

सानियानं डोळे मिटूनच विचारलं, “दात घासायच्या पावडरीनं?”

मी वारा घालायची थांबले.

“आठवीतल्या त्या पोराला झालं होतं असं,” ती म्हणाली. “तू पकडलेलं त्याला. पहिल्यांदाच मावा खाल्लेला त्यानं.”

ती डबी माझ्या हातात उघडीच होती. काळीभोर, भुरभुरीत. सहा वर्षं रोज बोटावर घेतलेली. तिचा वास मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला, म्हणजे परक्या माणसानं घ्यावा तसा. असाच वास मी मुलांच्या दप्तरांत शोधत फिरायचे.

*

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता शेडवर गेले. बायका जेवायला बसल्या होत्या. आई जरा बाजूला, पायरीवर होती. डब्यात ताकात कुस्करलेली भाकरी. शेजारच्या बाईनं मिरचीचा खर्डा पुढे केला तर आईनं हातानंच नको म्हटलं.

“आई, मिश्री कशाची करतात?”

“हे इचारायला आलीस उन्हाची?”

“सांग ना.”

“आता पुडी मिळती. पूर्वी तुझी आजी घरीच करायची. तव्यावर भाजायची आन् कुटायची.”

“काय भाजायची?”

आई घास चिवडत बसली. “पान.”

“कसलं पान?”

“पान म्हंजे पान.”

“आई.”

“तंबाखूचं,” ती म्हणाली. लगेच मान वर करून म्हणाली, “पर ती काय खायची असती व्हय? बाप्ये खात्यात ती निराळी. ही लावायची असती. दातासाठी. शेडवर समद्या लावत्यात, तुझी आजी लावायची, तिची सासू...” आणि बोलता बोलता ती थांबली. माझ्या ओठाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “म्हंजे मीच दिलं तुला.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती मी, माइकवर बोलतात तशी. पण तिच्या हातातला घास ताकात पडला आणि माझ्या लक्षात आलं की ती गेले कितीतरी दिवस रोज भाकरी ताकातच कुस्करते. आमच्या घरात सगळ्यात तिखट खाणारी बाई.

“आई, तीन बोटं घाल तोंडात.”

“आं?”

“अशी. उभी.” मी करून दाखवलं.

“बायका बघाय लागल्यात, गप.”

“घाल.”

तिनं दोन घातली. तिसरं जाईना. तिनं हसून बोटं काढली. “माझी बोटं जाड हायत. कामाचा हात हाय ह्यो.”

“मग माझी घालू दे.”

माझी बोटं बारीक आहेत. तरी दोनच गेली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रडण्याचं नव्हतं, दुखण्याचं होतं.

“कधीपासून?”

“हाय दोन-चार महिने. सुपारीचं खांड असतं कायम तोंडात, त्यानं सोललं आसंल. जळजळतं जरा.”

“पप्पांना सांगितलंस?”

“गिरणीत त्यांना काय ऐकाय येतंय?” तिनं डबा बंद केला. “तुझं हुंदे आधी. माझं मागनं बघू. आन् नंदे, त्या डॉक्टरबाईला मिश्रीचं बोलू नगंस. तुझ्या पप्पांनी फोटो दावलाय तितं. मानूस तोंडघशी पडंल.”

*

रविवारी मी दगडावर बसले नाही. आई नेहमीसारखी जाऊन बसली, पण डबी तिनं उघडली नाही आणि आतही नेली नाही. मी दारात उभी राहिले. दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं, कारण नसताना मी पप्पांवर खेकसले, प्रेरणाचा फोन कापला. हात सारखा दप्तराकडे जायचा. कुणीतरी आतून म्हणत होतं, एकदाच, चिमूटभर, गुरुवार तर आलाच. ते कोण बोलत होतं ते मला कळेना. आवाज तर माझाच होता.

आणि एक विचार सारखा येत होता. मॅडमना खरं सांगितलं तर कदाचित त्या म्हणतील, आधी हे बंद कर, मग बघू. मी सुटेन, निदान त्या दिवसापुरती. पण पप्पांचा फोटो? आणि आई? न सांगता तुकडा काढून घेतला तर पप्पांची मान राहील आणि आई ताकात भाकरी कुस्करत राहील.

सोमवारी शपथेसाठी माइक हातात घेतला. सहाशे मुलांनी हात पुढे केले. “मी शपथ घेते की,” मी म्हटलं. “मी शपथ घेते की,” सहाशे मुलं म्हणाली. पुढचं वाक्य मला झोपेतही येत होतं. पण ते ओठाच्या आत, त्याच जागी येऊन अडकलं. हात पुढेच होते. मी माइक प्रेरणाकडे दिला आणि बिल्ला काढून दप्तरात टाकला.

संध्याकाळी मी थेट गिरणीत गेले. पप्पा ज्वारी दळत होते. आई त्यांचा चहा घेऊन आली होती. गिऱ्हाईक नव्हतं. पट्टा जोरात फिरत होता आणि सगळीकडे पांढरा धुरळा.

“पप्पा! मोटर बंद करा!”

“काय?”

“बंद करा!”

“एवढी ज्वारी हूं दे!”

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि नको, नको अशी मान हलवली. मी थांबले असते तर तिथंच थांबले असते. म्हणून थांबले नाही. मैदानाच्या टोकाला जातो तेवढा आवाज काढला.

“पप्पा, मी सहा वर्षं मिश्री लावते! मिश्री तंबाखूची असते!”

पप्पांनी खटका खाली केला. पट्टा फटफटत हळू झाला, जातं घरघरत थांबलं. इतकी शांतता त्या गिरणीत मी कधी ऐकली नव्हती. पप्पांच्या भुवयांवरचं पीठ खाली पडलं तेही दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आईनं पदर काढला नाही.

“त्या मॅडमना मी...” पप्पा म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. आता ओरडायची गरज नव्हती, तरी माझा आवाज मोठाच निघत होता. “गुरुवारी आपण तिघांनी जायचं. मॅडमना मी सगळं सांगणार, फोटोचंसुद्धा मीच सांगणार. मग त्या तुकडा काढू देत नाहीतर न काढू देत. पण खुर्चीत आधी आई बसणार. तिच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत, पप्पा. ती आ करेल, मग मी करेन. ती बसली नाही, तर मीही तोंड उघडणार नाही.”